ग्रामसभेची निवडणूक कधी होते?

प्रश्न असा आहे: लोकसभा पाच वर्षांनी निवडून येते, विधानसभाही येते, मग ग्रामसभेची निवडणूक कधी होते आणि तिचे सदस्य किती?

ग्रामसभेची निवडणूक होतच नाही. घोळ 'सभा' या शब्दाने घातलाय. लोकसभेत आणि विधानसभेत निवडून दिलेले लोक बसतात, म्हणून ग्रामसभेतही तसेच असतील असं वाटतं. पण गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. राज्यघटनेच्या कलम 243 मध्ये तिची व्याख्याच तशी आहे. निवडून येते ती ग्रामपंचायत. विधानसभेशी तुलना करायचीच असेल तर ती ग्रामपंचायतीशी करा.

कसोटी मतदार यादीची, राहण्याची नाही. पुण्यात नोकरीला असलेल्याचं नाव अजून गावच्या यादीत असेल तर तो ग्रामसभेचा सदस्य. गावात दहा वर्षं भाड्याने राहून नाव दुसरीकडेच ठेवलेला मात्र नाही. सतरा वर्षांचा मुलगाही नाही.

आता ग्रामपंचायत. महाराष्ट्रात लोकसंख्येप्रमाणे 7 ते 17 सदस्य. गावाचे प्रभाग पाडतात आणि एका प्रभागात दोन-तीन जागा असतात, म्हणून एकाच मतदाराला सदस्यांसाठी दोन-तीन मतं द्यावी लागतात. सरपंच थेट निवडायचा असल्याने त्याचं मत वेगळं. (ही पद्धत 2017 ला आली, 2020 ला गेली, 2022 ला परत आली. जुन्या गाइडमध्ये 'सदस्य आपल्यातून सरपंच निवडतात' असं छापलेलं असेल तर ते त्यामुळे. उपसरपंच मात्र आजही सदस्यांमधूनच.) मत द्यायला वय 18, उभं राहायला 21. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव. निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. इथे 'भारत निवडणूक आयोग' लिहून बरेच जण हमखास मार्क घालवतात.

दोन्हींच्या बैठकांनाही 'सभा'च म्हणतात, हा आणखी एक घोळ. ग्रामपंचायत सदस्यांची मासिक सभा दर महिन्याला होते, तिथे मत फक्त सदस्यांना. ग्रामसभा वर्षातून किमान चार, बहुतेक ठिकाणी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास. अंदाजपत्रक, गावचा विकास आराखडा, घरकुलासारख्या योजनांच्या लाभार्थ्यांची निवड हे विषय तिच्यापुढे यावे लागतात. आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते.

गणपूर्ती म्हणजे कोरम: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा. मतदार 480 असतील तर 72 जण हवेत. 2,000 असतील तर 15 टक्के म्हणजे 300 होतात, पण 100 पुरतात. साधारण 667 मतदारांच्या पुढे सगळीकडे 100 च. प्रत्यक्षात गाडी इथेच अडते: माणसं येत नाहीत, सभा तहकूब होते. नाहीतर हजेरीची वही मागाहून घरोघर फिरते आणि सह्या जमतात. असा ठराव कुणी तक्रार केली की अडचणीत येतो, कारण इतिवृत्तातली चर्चा आणि वहीतल्या सह्या जुळत नाहीत.

राहिली माणसं. सरपंच निवडून आलेला, ग्रामसेवक नेमलेला. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा कर्मचारी, पंचायतीचा सचिव. घरपट्टी, जन्म-मृत्यूची नोंद, सभेचं इतिवृत्त त्याच्याकडे. सरपंच त्याला नेमू शकत नाही की काढू शकत नाही. तलाठी तर पंचायतीचा नाहीच, तो महसूल खात्याचा: सातबारा, फेरफार. 2024 मध्ये ग्रामसेवकाचं पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' आणि तलाठ्याचं 'ग्राम महसूल अधिकारी' झालं, पण गावात जुनीच नावं चालतात. पेपरात तुमच्या पुस्तकात जे छापलंय ते लिहा.

ग्रामसभेचं वजन कुठे दिसतं? थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव केला तरी तेवढ्याने तो जात नाही. तो ठराव ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला जातो आणि तिथे पडला तर सरपंच खुर्चीवर कायम.