'हार्ड' या इंग्रजी विशेषणाचे अर्थ कोणते? 'हार्डली' त्याचंच क्रियाविशेषण आहे का?

मुख्य अर्थ दोन: टणक आणि अवघड. कोणता घ्यायचा हे विरुद्धार्थी शब्दावरून कळतं. 'हार्ड स्टोन'च्या उलट 'सॉफ्ट', तर 'हार्ड क्वेश्चन'च्या उलट 'ईझी'. बाकी अर्थ नामानुसार बदलतात: 'हार्ड एव्हिडन्स' म्हणजे ठोस पुरावा, 'हार्ड कॅश' म्हणजे रोकड, 'हार्ड वॉटर' म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं, साबणाला फेस न येऊ देणारं पाणी. 'हार्ड ऑफ हिअरिंग' म्हणजे कमी ऐकू येणारा. इथे शब्दशः अर्थ लावलात तर फसाल.

खरी गडबड 'हार्डली'ची. 'हार्ड'चं क्रियाविशेषणही 'हार्ड'च. 'शी वर्क्स हार्ड' म्हणजे ती कष्टाने काम करते. 'शी हार्डली वर्क्स' म्हणजे ती जेमतेमच काम करते. अर्थ थेट उलटा, आणि अर्जात किंवा शिफारसपत्रात ही चूक चांगलीच महागात पडते! 'हार्डली'त नकार आधीच आहे, म्हणून सोबत 'नॉट' नको: 'आय कान्ट हार्डली हिअर' नव्हे, 'आय कॅन हार्डली हिअर'. जागा मुख्य क्रियापदाच्या आधी, सहायक क्रियापदानंतर.