घडाचं वजन आणि ‘एनए’

प्रश्न : मी एम.एस्सी. कृषीची विद्यार्थिनी. केळीच्या १२० घडांची वजनं घेतली, पण ‘आर’ (R) या आकडेमोडीच्या संगणकप्रणालीत सरासरी काढली की ‘एनए’ (NA, म्हणजे ‘आकडा उपलब्ध नाही’) येतं. आर वापरणाऱ्यांच्या ऑनलाइन समूहात ‘आर चालत नाही, अर्जंट मदत करा’ असं लिहिलं. दोन दिवस झाले, कुणी ओ देत नाही.
— एक वाचक, रावेर

उत्तर : ताई, ओ कोण देणार? पान न दाखवता ‘केळीवर काय पडलंय?’ असं विचारल्यासारखं झालं हे. तिथली माणसं आपला वेळ काढून फुकट सांगतात. त्यांना तुमच्या नोंदींच्या पहिल्या दहा ओळी, तुम्ही दिलेली आज्ञा आणि आलेला इशारा जसाच्या तसा द्या. ओळी आरच्या ‘डीपुट’ (dput) या आज्ञेने काढा, म्हणजे समोरच्याला त्या कॉपी करून आपल्या संगणकावर तशाच उभ्या करता येतात. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो नको; त्यातले आकडे कोण टाइप करत बसेल?

माझा अंदाज सांगतो. वजनाच्या रकान्यात कुठेतरी ‘१८ किलो’ लिहिलं असणार. एका घरात अक्षर शिरलं की आर अख्खा रकाना मजकूर धरतं. कापसाच्या वेचणीच्या नोंदीत मी एकदा आकड्याच्या जागी ‘पाऊस’ लिहून ठेवलं होतं, अर्धी रात्र त्यात गेली! रकान्यांचा प्रकार दाखवणारी ‘एसटीआर’ (str) ही आज्ञा लावून बघा. रकान्यापुढे ‘सीएचआर’ (chr, म्हणजे मजकूर) दिसलं तर हेच दुखणं. ‘एनयूएम’ (num, म्हणजे आकडे) दिसलं तर एखादा घड मोजायचा राहिलाय, मग सरासरीच्या आज्ञेत ‘एनए.आरएम’ला (na.rm, रिकामी घरं वगळायची सोय) ‘ट्रू’ (TRUE) द्या.

आणि तो ‘अर्जंट’ काढून टाका.