सजावटीचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी रद्द करा

पत्राचा सारांश: "मी आणि माझा होणारा नवरा, दोघंही नोकरी करतो. लग्न 10 महिन्यांवर आहे. पाहुणे 250, खर्चाचा अंदाज 6 लाख. हाताशी 4 लाख आहेत. उरलेल्या 2 लाखांसाठी 14 टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज मिळतंय. भेटीदाखल येणाऱ्या पैशांतून ते फिटेल. दोघांचा मिळून महिन्याचा खर्च 50 हजार आहे आणि तो जाऊन 20 हजार उरतात. मागच्या आठवड्यात बँकेतल्या सल्लागाराच्या सांगण्यावरून दोघांच्या भविष्यासाठी बचत-विमा घेतला: वर्षाला 1 लाख, 15 वर्षं, शेवटी हमखास 22 लाख. पहिला हप्ता भरला आहे. लग्न देखणं व्हावं पण खर्च आवाक्यात राहावा, यासाठी सजावटीत कापावं की फोटोग्राफीत?"

सजावट राहू द्या. तुमचा खरा तोटा पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलेल्या दोन वाक्यांत आहे.

15 लाख भरायचे आणि 22 लाख घ्यायचे. दीडपट ऐकायला बरं वाटतं, पण त्याला 15 वर्षं लागतात. हिशोब केला तर परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्याही आत येतो. त्याच वेळी तुम्ही 14 टक्क्यांनी कर्ज काढायला निघाला आहात. म्हणजे एका हाताने पाच टक्क्यांवर पैसे ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने तेच चौदा टक्क्यांनी उचलायचे. समोर बसून ही पॉलिसी गळ्यात मारणाऱ्याला तुमचं लग्न आणि कर्ज दोन्ही माहीत असेल, तर त्याने तुम्हाला सल्ला दिलेला नाही. त्याने विक्री केली. अशा पॉलिसींवर पहिल्या वर्षी विकणाऱ्याला घसघशीत कमिशन मिळतं.

आणि विमा म्हणावा तर तोही तुटपुंजा. अशा योजनांत विम्याची रक्कम बहुधा हप्त्याच्या दहापट असते, म्हणजे 10 लाख. तुमचा खर्च पाहता ते दीड-पावणेदोन वर्षं पुरतील. तुमच्या कमाईवर कुणी अवलंबून असेल तर साधा मुदत विमा घ्या. त्यात शेवटी काही परत मिळत नाही, म्हणूनच थोडक्या हप्त्यात मोठं संरक्षण मिळतं.

आता घाईची गोष्ट. नवी पॉलिसी कारण न विचारता रद्द करून पैसे परत घ्यायची मुभा बहुतेक ठिकाणी असते. मुदत साधारण 30 दिवसांची, आणि ती तुमच्या कागदांवर लिहिलेली असते. आजच वाचा. रद्द करण्याचा अर्ज थेट विमा कंपनीला लेखी पाठवा, विकणाऱ्याच्या हातात देऊ नका, आणि पोच घ्या. किरकोळ वजावट होऊन हप्ता परत येईल. मग फोन येतील, "फार चांगली योजना सोडताय" म्हणून. ठाम राहा. मुदत हुकली असेल तरी पुढचे हप्ते थांबवा असंच मी म्हणेन. पहिला लाख बुडाला असं धरलं, तरी पुढच्या 14 हप्त्यांवरचा परतावा सहा टक्क्यांच्या आतच आहे.

कर्जाचं बघू. 2 लाखांचा मासिक हप्ता साधारण 6,800, तीन वर्षांत व्याज 46 हजार. पॉलिसीचे महिन्याला 8,300 धरले तर उरणाऱ्या 20 हजारांतले 15 हजार संसार सुरू व्हायच्या आधीच गेले. भेटींतून फेडण्याची आशा तर हिशोबातून काढूनच टाका. किती येतील ते तुमच्या हातात नाही, आणि हप्त्याची तारीख त्यांच्यासाठी थांबत नाही.

मुळात कर्जाची गरज कुठे आहे? हातात 4 लाख, पॉलिसीचा 1 लाख परत, आणि 10 महिन्यांची बचत 2 लाख: झाले 7. यातले अडीच लाख, म्हणजे पाच महिन्यांचा खर्च, बाजूला ठेवा. त्याला लग्नासाठी हात लावायचा नाही. नोकरी लग्नाच्या महिन्यातही जाऊ शकते. उरले साडेचार लाख. लग्न त्यात बसवायचं.

बसतं. तुम्ही पाठवलेल्या अंदाजात जेवणाचा माणशी खर्च 1,600 आहे. 250 जणांचे 4 लाख. कपडे, सजावट, फोटो वगैरे बाकीचं 2 लाखांत. सजावटीत कितीही ओढाताण केली तरी पंधरा-वीस हजार वाचतील. यादी 160 वर आणलीत तर एक लाख 44 हजार वाचतात. यादी कापवत नसेल, तर माणसं तीच ठेवा आणि जेवण साधं करून माणशी हजारावर आणा. दोन्ही वाटा साडेचार लाखांपाशीच पोचतात.

माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या अँड्र्यू फ्रान्सिस आणि ह्यूगो मियालॉन या अर्थतज्ज्ञांनी 2014 मध्ये तीन हजारांहून अधिक लोकांच्या विवाहांची माहिती तपासली. जास्त खर्चाचं लग्न आणि कमी टिकणारं लग्न यांची सांगड त्यांना दिसली. उलट जास्त माणसांच्या उपस्थितीची सांगड टिकणाऱ्या लग्नाशी होती. यावरून एकामुळे दुसरं घडतं असं सिद्ध होत नाही. पण ज्यांच्या येण्याने तुम्हाला आनंद होईल त्यांना गाळून महागडे पदार्थ वाढू नका.

राहिला तुमचा प्रश्न: कापायचं तर सजावटीत कापा. सगळा हॉल मढवण्यापेक्षा तुम्ही दोघं जिथे उभे राहाल ती एकच जागा नीट सजवा, त्या मोसमात मिळणाऱ्या फुलांनी. फोटोग्राफर चांगला घ्या, पण दिवसभरासाठी नको, मुख्य विधींच्या चार-पाच तासांसाठी. तारखेत लवचिक असाल तर मागणी नसलेल्या दिवसाचा भाव विचारा. हॉलवाले तिथेच सर्वांत जास्त खाली येतात. आणि अनामत भरण्याआधी पाहुण्यांचा अंतिम आकडा किती दिवस आधीपर्यंत बदलता येईल, हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबलात, तर यादी कमी होऊनही 250 ताटांचे पैसे भरावे लागतील.