तर्री चालेल, दाताने दोरा तोडणं नको

प्रश्न : मॅडम, डिसेंबरात स्कूटी घसरली आणि माझ्या समोरच्या दाताचा कोपरा उडाला. डॉक्टरांनी एकाच बैठकीत बाँडिंग करून दात पहिल्यासारखा करून दिला. पण तीन महिन्यांतच त्याच्या कडेला पिवळट रेघ दिसतेय. तर्री पोहे आठवड्यातून तीनदा तरी होतात. आई म्हणते लिंबू-मीठ घास, मैत्रीण म्हणते कोळशाची पेस्ट लाव. एप्रिल-अखेर भावाचं लग्न आहे. ब्लीचिंग करून टाकू का? आणि पोहे सोडावेच लागतील काय?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : पोहे सोडू नका. नागपुरात राहून तर्री बंद करा असं सांगणारी डॉक्टर मी नाही, सांगितलं तरी कोणी ऐकणार नाही.

रेघेचं कारण मात्र हळदच असावी. बाँडिंगचा मसाला म्हणजे प्लास्टिकसारखं रेझिन आणि त्यात काचेची बारीक पूड. निळ्या लाइटने तो कडक करतात, पण पुढचा दिवसभर तो आतून आणखी घट्ट होत असतो. म्हणून पहिले दोन दिवस हळद, चहा, कॉफी टाळायची. हे तुम्हाला त्या वेळी कोणी सांगितलं होतं का? नंतरही रेझिन थोडं पाणी शोषतं आणि पाण्यासोबत रंगही आत जातो. लुगड्यावरचा हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की उडतो, तोंडात ऊन पोचत नाही. तर्री खाल्ली की लगेच पाण्याने दोन चुळा भरा. चहाचंही तेच.

लिंबू-मीठ आजच बंद करा. आंबटाने स्वतःच्या दाताचं आवरण मऊ पडतं आणि वरून मिठाची घासणी! कोळसा, राखुंडी, मंजन यांनी बाँडिंगचं पॉलिश जातं आणि खरखरीत जागेवर डाग आणखी घट्ट बसतो. मऊ ब्रश आणि साधी फ्लोराइडची पेस्ट पुरे. संत्री खाल्ल्यावर अर्धा तास तरी ब्रश करू नका.

आता ब्लीचिंग. ते तुमच्या दातावर चालतं, बाँडिंगवर नाही. दात उजळेल, कोपरा तसाच राहील आणि लग्नाच्या फोटोत तोच आधी दिसेल. करायचंच असेल तर आधी ब्लीच, मग साधारण दोन आठवडे थांबून, नव्या रंगाशी जुळवून बाँडिंग बदलायचं. ब्लीच झाल्या झाल्या नवं बाँडिंग नीट धरत नाही. लग्नाची तारीख पाहून उलटे दिवस मोजा. वेळ नसेल तर नुसतं पॉलिश करून घ्या. रेघ वरवरची असेल तर पंधरा मिनिटांत जाते.

वरवरची की आतली, याचा अंदाज घरीही येतो. आरशासमोर उभ्या राहा आणि नख दातावरून हळूच बाँडिंगकडे सरकवा. सुळकन गेलं तर पॉलिशचं काम. कडेला अडकलं तर जोड उघडतोय, लग्नाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

खरं सांगू का, माझ्याकडे येणारी बहुतेक बाँडिंग खाण्याने तुटलेली नसतात. दाताने पन्नी फाडणं, पेन चावणं, नखं कुरतडणं, हेच जास्त. सुपारी, खर्रा आणि मे महिन्यातला बर्फ कडाकडा फोडणं हेही आलंच. माझ्याच समोरच्या दाताला बाँडिंग आहे. मागच्या दिवाळीत ब्लाउजला हुक लावताना दोरा दाताने तोडला आणि टवका उडाला. कात्री हाताशी होती! दिवसभर पेशंटना हेच सांगते, त्यामुळे माझ्याच असिस्टंटसमोर खुर्चीत बसताना लाज वाटली.

रात्री दात खात असाल, सकाळी जबडा दुखत असेल, तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कवच, बनवून घ्या. आणि तुकडा निघालाच तर घरातला गोंद लावून चिकटवू नका, तसंच या. बाँडिंगचं आयुष्य काही वर्षांचंच असतं, ते कधी तरी बदलावं लागणारच.