एक ग्लास, दोघांत

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. सगळ्यात जास्त राग आला तो शेवटच्या ओळीचा. ‘त्याला त्याच्या बिअर चाखत बसू दे, मी तोवर दुकानं फिरून येते, असं ठरवू का मावशी?’ अगं, मग प्राग, म्युनिक, ब्रसेल्सला दोघांनी जायचंच कशाला? दुकानं फिरायला लिंकिंग रोड आहे.

तू प्यावंस की नाही, सासूबाई फोटो बघून काय म्हणतील, यावर मी लिहिणार नाही. ते ठरवण्याइतकी तू शहाणी आहेस. मला एकच सांगायचंय. एक ग्लास मागवायचा आणि दोघांनी प्यायचा. त्या गावची बिअर, त्याच गावात, एकाच ग्लासातून. नवऱ्याने मोबाइलवर लांबलचक यादी केली आहे ना? राहू दे ती त्याच्या खिशात. यादी पुरी करणाऱ्या माणसाला चव लक्षात राहत नाही, नावं राहतात.

‘मला बिअर आवडत नाही’ हे तू कशावरून ठरवलंस? ऑफिसच्या पार्टीत अंधेरीला दोन घोट घेतलेस, त्यावरून. आपल्याकडे बहुतेक खपते ती स्ट्राँग, बर्फासारखी गार करून घशाखाली ढकलायची. तिच्यावरून बिअरची पारख करू नकोस. म्युनिकला गव्हाची बिअर घे. पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं, लवंगही नसते. तो वास यीस्टमुळे येतो. आणि ब्रसेल्सला कांतियों नावाची जुनी ब्रुअरी आहे, 1900 सालची, आत जाऊन बघता येते. तिथे धान्याचा उकळलेला रस पसरट, उघड्या तांब्याच्या हौदात रात्रभर ठेवतात आणि हवेतलं यीस्ट आपसूक त्यात उतरतं. वेगळं काही घालत नाहीत. म्हणूनच हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत चालतं. उन्हाळ्यात नको ते जंतू शिरतात. मग लाकडी पिंपांत वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं मुरवतात आणि नव्या-जुन्याचं मिश्रण करून बाटलीत भरतात. चव आंबट, अगदी दात आंबतील अशी. आंबट चेरी घातलेलीही मिळते. तुला कडू नको असतं ना? मग हिच्यापासून सुरुवात कर. त्याला कदाचित अजिबात आवडणार नाही. ग्लास मधे ठेवून भांडा की त्यावरून! दोन वेगळे ग्लास असले की तो त्याचं पितो, तू तुझं, आणि दोघंही आपापल्या फोनमध्ये बघत बसता.

मला हे इतकं का लागतं, ते ऐक. आमचे हे मित्रांबरोबर दादरच्या परमिट रूममध्ये बसायचे आणि मी घरी. आमच्या पिढीत ते तसंच होतं, त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. नंतर नोकरीतून मोकळे झाल्यावर एका सहल कंपनीबरोबर युरोपला गेलो. कोलोनला बस थांबली. कॅथेड्रल बघा, फोटो काढा, बसमध्ये बसा. आणि त्या कॅथेड्रलच्या अगदी जवळ तिथल्या ब्रुअरीची खानावळ होती! ह्यांनी काचेतून आत पाहिलं. गाईड घड्याळ दाखवत होता. त्या संध्याकाळी हॉटेलात ह्यांना मी म्हटलं, पुढच्या वेळी आपण दोघंच यायचं आणि मी तुमच्या ग्लासातून पिणार. शेजारणी काय बोलल्या, ह्यांच्या बहिणी काय बोलल्या, सगळं कानावर आलं. ‘या वयात हे काय खूळ’ म्हणे. मी एक चाकोरी मोडली म्हणून कुणाच्या घरचं काही गेलं नाही. आम्ही पुन्हा गेलो, आमच्या पैशाने गेलो, आणि ह्यांच्याशी माझ्या जितक्या गप्पा त्या लाकडी बाकांवर झाल्या, तितक्या आमच्या स्वयंपाकघरात कधी झाल्या नव्हत्या. हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

तर कोलोनला उतर. ब्रसेल्सहून म्युनिकला रेल्वेने जाताना वाटेतच आहे. तिथे ग्लासच 200 मिलिलिटरचा असतो. संपला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो, आणि थांबवायचं असेल तर ग्लासवर खालचा पुठ्ठा ठेवायचा. तू पहिल्यानंतरच ठेव. मग हवा तर पुढचा मागवा, अगदी पाचवाही, पण दोघांत एका वेळी एकच.

ही काटकसर नाही, नीट समजून घे. बेल्जियमच्या कितीतरी बिअर आठ-नऊ टक्क्यांच्या असतात आणि गोडसर लागतात, त्यामुळे पटकन कळत नाही. चेकियात पाटीवर 10, 12 असे आकडे दिसले तर घाबरू नका. ते अल्कोहोलचे नव्हेत, आंबवण्याआधी रसात किती सत्त्व होतं त्याचे. बारावाली साधारण पाच टक्क्यांची निघते. आणि तिथे गाडी चालवणार असाल तर एक घोटही चालत नाही. रेल्वेनेच फिरा.

म्युनिकच्या बिअर गार्डनमध्ये ज्या टेबलांवर कापड नसतं, तिथे घरचं खाणं नेता येतं, ही तिथली जुनी रीत आहे. पेय मात्र त्यांचंच घ्यायचं. चकली आणि चिवडा बॅगेत टाक. एक लिटरचा मग येईल. एकच घ्या! याबद्दल मला पुन्हा विचारू नकोस.

आणि एक शहर कमी कर, पण बाम्बर्ग गाळू नकोस. म्युनिकहून रेल्वेने साधारण दोन तास. तिथे बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, वाळवतात, आणि श्लेंकेर्ला नावाच्या खानावळीत त्याची बिअर लाकडी पिंपातून ओतून देतात. भाच्याने बाटली आणली होती, मी इथे पार्ल्यात प्यायले. भरताचं वांगं भाजताना घरात पसरतो तसा धूर. पण ती मी धरत नाही. ह्यांना डॉक्टरांनी बंद केली आहे, हे समोर बसून नुसतं विचारत होते, कशी आहे? आमचं बाम्बर्ग राहिलं. ‘पुढच्या वर्षी’ असं आम्हीही म्हणायचो. तिथले लोक सांगतात, पहिल्या ग्लासाला आवडत नाही, चव हळूहळू कळते. ठीक आहे, दुसरा मागवा. पण पहिला दोघांनी संपवल्यावर.

प्रागहून दिवसभरात पिल्सन करून या. 1838 मध्ये तिथल्या लोकांनी वैतागून बिघडलेल्या बिअरची पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली, नवी ब्रुअरी उभारली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल या ब्रुअरला आणलं. त्याने 1842 मध्ये तिथलं हलकं पाणी, फिकट माल्ट आणि झातेत्स गावचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, वापरून सोनेरी बिअर काढली. आपल्या परमिट रूममधली पिवळी बिअर तिच्याच दूरच्या गोतावळ्यातली. मूळ तिथे प्यायल्यावर तुझा नवरा गप्प होईल बघ. ब्रुअरीच्या फेरीत तळघरात नेतात आणि लाकडी पिंपातली न गाळलेली देतात. तिकीट आधी काढा, आणि तळघरात भर उन्हाळ्यातही थंडी वाजते, तेव्हा तुझा तो निळा स्वेटर मोठ्या बॅगेत न टाकता हाताशी ठेव.

तुझी,
मावशी