शिक्षेला स्थगिती मिळाली, दोषसिद्धीचे काय?

प्रश्न : बांधावरून भावकीत मारामारी होऊन माझ्या चुलतभावाचा हात मोडला. त्या खटल्यात माझ्या सव्वीस वर्षांच्या मुलाला भारतीय दंड संहितेच्या कलम ३२५ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी एक वर्षाची सक्तमजुरी सुनावली. सत्र न्यायालयात अपील दाखल असून शिक्षेला स्थगिती व जामीन मिळाला आहे. मुलाची शासकीय नोकरीसाठी निवड झाली असून साक्षांकन नमुन्यात ‘न्यायालयाने दोषी ठरविले आहे काय?’ असा रकाना आहे. स्थगिती असल्यामुळे ‘नाही’ लिहावे, असे गावातले जाणते सांगतात. ते योग्य आहे का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नाही. अपील प्रलंबित असताना न्यायालय स्थगिती देते ती बहुधा शिक्षेच्या अंमलबजावणीला, म्हणजे आपला मुलगा तूर्त तुरुंगाबाहेर राहतो एवढेच. दोषी ठरविल्याचा निष्कर्ष कायम असतो. सुरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ रोजी राहुल गांधी यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावून त्याच दिवशी ती स्थगित केली, तरी त्यांची खासदारकी गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्टला दोषसिद्धीलाच स्थगिती दिल्यावर ती परत मिळाली. अशी स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते आणि दोषसिद्धीमुळे होणारे भरून न येणारे नुकसान अर्जात नेमके मांडावे लागते. नोकरी जाईल एवढ्या कारणावर न्यायालये ती सहसा देत नाहीत.

रकान्यात ‘होय’ लिहून निकालपत्र व स्थगिती आदेशाच्या प्रती जोडाव्यात. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, खरी माहिती दिली तरी उमेदवाराची योग्यता तपासण्याचा नियोक्त्याचा अधिकार राहतो. मात्र माहिती दडविल्यास तेवढ्याच कारणावरून नेमणूक रद्द होऊ शकते. गावातल्या सल्ल्याची किंमत शेवटी मुलालाच मोजावी लागेल.

माझ्या मते, खरा भर अपिलावर द्यावा. निर्दोषत्व सिद्ध होण्याजोगे नसेल, तर परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटकेची पर्यायी मागणी करता येते. हा अधिकार अपिलीय न्यायालयालाही आहे, आणि कलम १२ मुळे दोषसिद्धीतून येणारी कायदेशीर अपात्रता लागू होत नाही. तरीही मूळ प्रसंगाचा विचार करण्यास खाते मोकळे असते.

यापेक्षा भक्कम मार्ग तडजोडीचा. जबर दुखापतीचा हा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने आपसांत मिटविता येतो, अपिलातही. आणि तशी तडजोड मान्य झाली की तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो. त्यासाठी ज्यांचा हात मोडला त्या आपल्या चुलतभावाचीच संमती हवी; तंटामुक्ती समितीपुढील कागद पुरेसा नाही. तसा अर्ज मंजूर झाल्यास आदेशाची प्रत लगेच नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे पाठवावी. पुढील कोणत्याही अर्जात ‘कधी खटला चालला होता काय?’ असे विचारले, तर तेथे मात्र ‘होय’च लिहावे लागेल.