वाचकांचे प्रश्न : आवाज येतो, चित्र येत नाही

प्रश्न : मुलाखती आणि कार्यक्रमांचं एडिटिंग आता पैसे घेऊन करतो. विंडोज लॅपटॉपवर दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे. नव्या कॅमेऱ्याच्या क्लिपचा आवाज येतो, चित्र येत नाही. प्रीमियर प्रो घ्यावं का?

उत्तर : एवढ्यासाठी सॉफ्टवेअर बदलू नका. आधी क्लिप मीडियाइन्फोमध्ये (फाइलचा तपशील दाखवणारं ॲप) उघडा. फॉरमॅट एचईव्हीसी (म्हणजे एच.265), बिट डेप्थ 10 (रंगछटांची बारकाई) आणि क्रोमा 4:2:2 (रंगाची माहिती किती ठेवली ते) दिसलं, तर दुखणं सापडलं. विंडोजवरच्या मोफत रिझॉल्व्हला हा प्रकार पेलत नाही.

रिझॉल्व्हच्या स्टुडिओ आवृत्तीला तो पेलतो आणि ती एकदाच पैसे भरून मिळते, प्रीमियरसारखं वर्गणीचं लचांड नाही. पण ती घेतली की सगळं सुरळीत चालेल असं नाही. एनव्हिडियाची आरटीएक्स 50 मालिकेआधीची ग्राफिक्स कार्डं 4:2:2 हार्डवेअरवर उलगडत नाहीत. इंटेलचे 11व्या पिढीपासूनचे अंगभूत ग्राफिक्स एचईव्हीसीचं हे काम करतात. तेही नसेल तर बहुधा प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, बनवाव्या लागतात.

खर्च टाळायचा असेल तर शटर एन्कोडर या फाइल बदलणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्लिप डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये बदला. एचक्यू नव्हे! त्यात 8 बिटच उरतात आणि कलर करताना आकाशात पट्टे उमटतात. डिस्क मात्र मोठी ठेवा : 4के, 25 फ्रेमचं प्रोरेस 422 (ॲपलचा असाच एडिटिंगचा फॉरमॅट) मिनिटाला सुमारे 3.7 जीबी खातं, एचक्यूएक्स त्याहून जास्त.

खरा निर्णय प्रोजेक्ट पुढे कोणाकडे जाणार यावर घ्या. ग्राफिक्सवाला प्रीमियरच्याच कंपनीच्या आफ्टर इफेक्ट्सवर असेल तर प्रीमियर सोयीचं. तीन-चार एडिटर एकाच सामायिक स्टोरेजवर बसणार असतील तर ॲव्हिडचं बिन लॉकिंग (एकाने उघडलेला क्लिपचा फोल्डर त्या वेळी दुसऱ्याला बदलता येत नाही) अजूनही सरस. फायनल कट फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालतं, म्हणजे तुमच्यासाठी बाद. कलर स्वतःच करत असाल तर रिझॉल्व्हच ठेवा. साउंडवाल्याला एएएफ (टाइमलाइनवरचा आवाज त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नेणारी फाइल) द्यायची असेल तर आधी एका मिनिटाची पाठवून उघडते का ते विचारा. आणि चालू कामात आवृत्ती अपडेट करू नका. नव्या आवृत्तीत उघडलेला प्रोजेक्ट जुनीत परत जात नाही.

प्रश्न : फोनवर घेतलेल्या मुलाखतीत सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, वीस मिनिटांनी सरकतात. दोष सॉफ्टवेअरचा का?

उत्तर : बहुधा फोनचा. फोन फ्रेम रेट कमीजास्त करतो. मीडियाइन्फोत ‘व्हेरिएबल’ दिसेल. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ टॅबवर ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून क्लिप बदला, मगच टाइमलाइनवर घ्या. फ्रेमचा आकडा टाइमलाइनशी जुळणाराच ठेवा. आधीच कट केलेलं असेल तर बदललेली फाइल त्याच जागी रीलिंक करून (जुन्या क्लिपऐवजी जोडून) प्रत्येक कट तपासावा लागतो, कारण कटच्या जागा थोड्या हलतात.